बघू

अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आता माझ्याकडे बघायचं असलं की ती भलतीकडे बघते. तिच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. सरळ पाहिलं तर माणसाच्या जागी करडा डाग दिसतो, नजर बाजूला नेली की कडेने माणूस दिसतो. नवख्यांना वाटतं, बाई रुसल्यात.

आज पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचं तेच कात्रण होतं, घडीवर फाटत आलेलं. मूळपेशींपासून नव्या पेशी वाढवून पडद्यावर सोडतात, असं त्यात लिहिलंय. मीच तिला ते कितीदा वाचून दाखवलंय. डॉक्टरांनी ते हातात घेतलं आणि परत दिलं. “अजून चाचण्या चालू आहेत, आजी. बघू.”

नाही म्हणवत नाही तेव्हा आपण सगळेच ‘बघू’ म्हणतो. मुलगी पसंत नसली तरी बघू, लग्नाला जायचं नसलं तरी बघू. दर सहा महिन्यांनी आम्ही हा एक शब्द ऐकायला दोन बस बदलून येतो. मला त्याचा कंटाळा आलाय, आणि त्या कंटाळ्याची लाजही वाटते.

परतताना बसमध्ये मीही म्हणून गेलो, “पुढच्या खेपेला बघू,” आणि जीभ चावली. अक्काने तोंड खिडकीकडे फिरवलं. वाटलं, दुखावली. मग लक्षात आलं, ती माझ्याकडे बघत होती.

“किती दमलायस रे,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला नाही आलास तरी चालेल.”