मामाचे पाच नग

आमचा मामा या देशात आला तो दोन बॅगा आणि लेथ मशीनवरचा तीस वर्षांचा अनुभव घेऊन. बॅगा माझ्या पलंगाखाली मावल्या. अनुभवाचं काय करायचं ते मात्र कुणालाच कळेना.

मामी अजून तिकडेच होती. मामाला नोकरीचं पत्र मिळालं तरच तिला इकडे येता येणार होतं, तेही महिनाअखेरच्या आत. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. मामाने सतरा ठिकाणी अर्ज केले आणि सतरा ठिकाणी एकच प्रश्न आला, इथला अनुभव आहे का?

"अगं, इथलं लोखंड वेगळं असतं का?" मामा मला विचारायचा.

मला काय ठाऊक? मी एका दातांच्या दवाखान्यात फोन उचलते.

शेवटी एका कारखान्याने त्याला चाचणीला बोलावलं. भाषेपुरती मी सोबत गेले, पण मला काचेपलीकडे बसवलं. दोन तासांत एकसारखे पाच दांडे कापून द्यायचे होते. मामाने ते सव्वा तासात दिले. सुपरवायझरने मायक्रोमीटर लावून पाचही नग मोजले, शेजारच्या माणसाशी काहीतरी पुटपुटला, नग खणात टाकले आणि निघून गेला. मामाला कुणी थांब म्हणेना, जा म्हणेना.

आता हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. मशीन घाण ठेवून त्याने जन्मात कधी हात धुतले नव्हते. त्याने फडक्याने मशीन पुसलं, कोपऱ्यातला झाडू आणला, खाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा केला. मग शेजारच्या मशीनखालचा केला. मग अख्खी रांग झाडून काढली. काचेपलीकडे माझी छाती अभिमानाने फुगली होती, हे कबूल करते.

आठ दिवसांनी पत्र आलं. नेमणूक झाली होती, सफाई कामगार म्हणून.

मी तणतणत कारखान्यात फोन लावला. तिकडची बाई फार गोड बोलली. लेथ चालवणाऱ्या टर्नरला इथलं सर्टिफिकेट लागतं, सफाईला लागत नाही. शिवाय सुपरवायझर तुमच्या मामांवर बेहद्द खूश आहेत.

"कशावर?"

"त्यांनी पूर्ण रांग झाडली ना!"

भांडावं की आभार मानावेत, सुचेना. मी आभार मानले आणि फोन ठेवून स्वतःवरच चिडले.

मामाने पत्र तीनदा वाचलं. "मी झाडलं नसतं, तर मला टर्नर म्हणून घेतलं असतं, की घेतलंच नसतं?"

"मामा, मला खरंच नाही कळत रे."

"बरं. हिच्या कागदांना हे पत्र चालेल ना?"

चालणार होतं. कायद्याला नोकरी हवी होती, कुठली ते त्याने विचारलं नव्हतं. मामाने सही केली.

मामीला फोन लावताना मी त्याला बजावलं, नुसतं कारखान्यात लागलो एवढंच सांग. पण मामाच्या पोटात काही राहतंय कुठलं! पाचव्या वाक्याला तो झाडूपर्यंत पोचला. पलीकडे मामीला हसू फुटलं.

"अहो, तुम्ही आणि झाडू? घरात कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाहीत!"

मामाही हसला. मीही हसले. इतक्या दिवसांनी घरात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग मामीने विचारलं, "आणि ते पाच नग हो? मापात बसले ना?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. कारखान्याच्या त्या फोनवर मी सर्टिफिकेट, सुट्ट्या, गणवेश, सगळं विचारलं होतं. हे मला सुचलंच नव्हतं.

"माहीत नाही गं," मामा म्हणाला. "ते कुणी सांगितलंच नाही."