चावीचा फोटो

नवऱ्याचा मार खाऊन खाऊन चावीवाली एक दिवस पळाली आणि दुसऱ्या गावात तिनं टपरी टाकली. सिमकार्ड बदललं, माडीवर खोली घेतली, तिच्या दाराला स्वतःच्या हातचं कुलूप बसवलं. त्यावर तिचा इतका भरवसा, की आतून कडीसुद्धा लावायची नाही. फोन मात्र जुनाच! त्यातलं फोटोंचं खातं नवऱ्यानंच उघडून दिलेलं, पासवर्ड त्या मेल्याला तोंडपाठ.

नवी चावी घासण्याआधी नमुन्याच्या चावीचा फोटो काढायचा आणि दाते मोठे करून बघायचे, ही तिची कामाची रीत. घराची जोडचावी करतानाही हात सवयीनं फोनकडे गेला. फोटो निमूट खात्यात जाऊन बसला, सोबत घराचा ठावठिकाणाही.

नवरा त्याच धंद्यातला. भर दुपारी दार अलगद उघडलं. "माझ्यापासून लपतेस?" म्हणत त्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, दात हलला. तो पुन्हा हात उगारतोय तोवर तिला कानस सापडली. ती तिनं त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली. तो गुरासारखा ओरडत जिन्यावरून गडगडला. खाली शेजाऱ्यांनी त्याला लाथांनी तुडवला.

शेजारची मावशी धावत वर आली. "मुडद्यानं कुलूप तोडलं का गं?"

चावीवालीनं रक्त थुंकलं आणि कुलपात राहिलेली त्याची चावी उपटून काढली.

"तोडतोय कशाला, मावशी? चावी मीच घरपोच दिली होती."