हर्नियाची लांबलेली तारीख

नव्वदच्या दशकात प्लेगची धास्ती पसरली, तेव्हा इस्पितळाचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड तापाच्या रुग्णांसाठी मोकळा ठेवण्यात आला आणि माझे हर्नियाचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले. "नवी तारीख मिळेपर्यंत वजन उचलू नका," एवढेच डॉक्टरांनी बजावले. अंबरनाथ एमआयडीसीत लोखंडी सुटे भाग उचलणे हेच तर माझे काम होते. लाजेपोटी मी कारखान्यात कोणाला काही सांगितले नाही.

त्याच आठवड्यात पत्नी तोंडाला रुमाल बांधून थेट गेटवर आली आणि माझ्या हर्नियाचे सांगून मला वजन उचलायला लावू नका म्हणाली.

"बाई, इथे सगळेच उचलतात," सुपरवायझर म्हणाले.

"मग यांच्या वाटचं तुम्ही उचला, साहेब. आतडं अडकलं तर धावपळ माझी होणार."

"वहिनी, युनियनमध्ये या!" मागून कोणीतरी ओरडले.

मला स्टोअरमध्ये बसवण्यात आले. घरी जाताना मी रागाने तिच्यापुढे चालत राहिलो.

साथ ओसरल्यावर बोलावणे आले. तपासून डॉक्टर म्हणाले, "वाढलेला नाही. पथ्य चांगलं पाळलंत."

"मी नव्हे, हिने पाळायला लावलं," मी म्हणालो.

"ऑपरेशननंतर किती दिवस उचलायचं नाही," ती म्हणाली, "तेही मलाच सांगा, डॉक्टर."