खंडेनवमीचं जास्तीचं तेल
डिझेलचा धूर नाकात गेला, की निजामी सरल्यावर परतूरजवळच्या आमच्या विहिरीवर आलेल्या इंजनाची पहिली खंडेनवमी आठवते. सणाचं इंजनालाही पोटभर मिळावं म्हणून ह्यांनी हवा गाळायच्या भांड्यात, जिथं खुणेपुरतंच तेल लागतं, तिथं काठोकाठ ओतलं. सुरू करताच इंजनानं हवेबरोबर ते तेलही ओढलं आणि इंजन पिसाळलं. ह्यांनी डिझेल बंद केलं, तरी ओढलेल्या तेलावरच वेग वाढत गेला. झेंडूची माळ तुटून उडाली, धुरात हे दिसेनासे झाले. “अहो, सरका मागं, चाक फुटंल!” मी किंचाळले. “हवा कोंड त्याची, जल्दी!” हे आतून ओरडले. धुवायला आणलेली ओली गोधडी मी इंजनाच्या हवा ओढायच्या तोंडावर दाबली. ते गोधडीसकट माझे हात आत ओढत होतं. इंजन थांबलं. धुरातून ह्यांचा खोकला ऐकू आला, तेव्हाच मी गोधडी सोडली. आजही मिक्सरचं बटण बंद केलं, तरी पातं थांबेपर्यंत माझा हात ओल्या फडक्यावरच असतो.