दुसऱ्याचा शनिवार

वारंगा फाट्यावर गाडीची वाट बघत उभी राहिले की कुणी ना कुणी मला गाठतंच. इस्रायलहून आलेली बाई, अशी माझी तालुक्यात ओळख झाली आहे. मग सुरू. एवढासा देश, पण कसा ताठ उभा आहे बघा. वाळवंटात ठिबकवर बागा केल्या. दोन हजार वर्षं भटकले आणि शेवटी आपली भूमी मिळवलीच. मी तिथं सहा वर्षं राहून आलेली, आणि हे मला सांगतात. चहावाला एकदा म्हणाला, "ताई, तुमी नशीबवान. देवाची भूमी बघून आलात." मी म्हटलं, "व्हय, बघितली. एका म्हातारीच्या न्हाणीघरातून बघितली." त्याला वाटलं मी गंमत केली. त्यानं चहात साखर जास्त टाकली.

मी आखाडा बाळापूरच्या पलीकडच्या तांड्यातली. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. आता सगळे हळद-सोयाबीन करतात. बाप लवकर गेला. आईनं, आमच्या बोलीत याडीनं, भावाला आणि मला वाढवलं, मला नांदेडला नर्सिंगला घातलं, माझं लग्न मोडलं तेव्हा एका शब्दानं बोल न लावता घरात घेतलं. इस्रायलात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला बाया पाहिजेत म्हणून कळलं, तेव्हा जा म्हणणारी तीच. वहिनी तेवढी म्हणाली, "तू गेल्यावर म्हातारीचं कोण करंल?" मी फटकन म्हटलं, "तू हाईस की." वहिनीचं आणि माझं आधीच जमत नव्हतं. त्या दिवसापासून जे थोडंफार होतं तेही गेलं.

मला ज्या घरी पाठवलं तिथं मराठी येणारी बाई हवी होती. मला आधी ते खोटंच वाटलं. पण दार उघडलं आणि चाकाच्या खुर्चीतली पंच्याऐंशीच्या पुढची बाई म्हणाली, "आलीस गो पोरी? जेवलीस?" ती कोकणातली यहुदी, बेने इस्रायल. विशीच्या आत आईबापांचं गाव सोडून आलेली. साठ वर्षं हिब्रू बोलून झाल्यावर म्हातारपणात ती भाषा तिच्या डोक्यातून गळून गेली होती आणि खालची मराठी वर आली होती. लेकीला मराठी तुटकी यायची, नातवाला अजिबात येत नव्हती. म्हणून मी.

गाव दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी. चार मजली एकसारख्या इमारती, खाली भाजीवाला रशियन, दवाखान्यात डॉक्टर अरब, शेजारीण मोरोक्कोची. घरात एक जाड भिंतीची खोली. रॉकेट येतंय असा सायरन वाजला की आजीला खुर्चीसकट त्या खोलीत ढकलायचं आणि लोखंडी दार लावून घ्यायचं. बाहेर धप् असा आवाज झाला की आजी विचारायची, "नारळ पडला का गो?" मी म्हणायची, "व्हय, नारळच."

दुपारच्या वेळी ती गोष्टी सांगायची. तिच्या घराण्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी काम करायचं नाही ही देवाची आज्ञा, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. नवस फेडायचा झाला की गूळ-खोबरं घालून पोह्यांचा मलिदा करायचा, आणि शेजारच्या हिंदू घरांत वाटायचा. पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या देशाकडं तोंड करून प्रार्थना केली. मग तो देश झाला, आणि ही मंडळी बोटीत बसून आली.

तिथं तिचं लग्न ठरलं. मुलगाही यहुदी, पण दुसऱ्या देशातून आलेल्यांचा. धर्माच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले तर समोरचा दाढीवाला म्हणाला, तुम्ही हिंदुस्थानातले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? तुझी आजी कोण, तिची आजी कोण, कुणाच्या लग्नात काय रीत केली, सांग. महिने गेले. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. आजी सांगायची, "गावात आम्हाला कधी कोणी विचारलं नाही गो. शनिवारी घाणा बंद, म्हणजे यहुदी. इतकं पुरे होतं. आपल्या देशात आलो आणि मग विचारलं." पुढं त्यांच्या लोकांनी भांडून हक्क मिळवला, हिनंही त्यांच्यातलाच नवरा केला. पण त्या दाढीवाल्याला ती आयुष्यभर उत्तर देत राहिली. तिच्या घरचा शनिवार त्या इमारतीत कुणाच्याच घरी नव्हता इतका कडक होता.

मला हे सगळं लगेच समजलं. जातपडताळणीच्या खिडकीशी मीही उभी राहिले आहे. पणजा कुठं राहत होता, पुरावा आणा. बैलांमागं हिंडत होता साहेब, बैलाचा दाखला कुठून आणू? असं म्हणावंसं वाटलं होतं, म्हटलं नाही. त्यामुळं आजीची मला कणव आली. तिथंच माझं चुकलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोन दिवसांचा स्वयंपाक उरकायचा. सूर्य मावळायच्या आत आजी दोन मेणबत्त्या लावायची, हातांनी डोळे झाकून पुटपुटायची, की शब्बाथ लागला. मग शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काडी पेटवायची नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही. पहिल्याच शुक्रवारी तिनं हात पुढं केला. "फोन दे. माझ्या घरात शनिवारी फोन वाजायचा नाही." मी दिला. तिनं तो बंद करायला लावला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवला.

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण आमच्या तांड्यात हे अंगात मुरलेलं आहे. आमची माणसं गावोगाव मुक्काम करायची. ज्याच्या शिवारात उतरलो त्याची रीत पाळायची. पाणी सांगतील तिथून भरायचं, आग सांगतील तिथं पेटवायची, नाहीतर सकाळी हाकलून देतात. मुक्काम गेले, बैल गेले, रीत राहिली. मीही भावाला सांगून टाकलं की शुक्रवार सांज ते शनिवार रात्र फोन करू नका, इथं चालत नाही. वर थोडा तोराच होता मला. बघा, मी किती नीट पाळते.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात याडीला ताप आला. गुरुवारी भाऊ म्हणाला, खोकला आहे. शुक्रवारी दुपारी मी फोन केला. याडी म्हणाली, "बरं हाय आता. सलाईन लावलं." तीन शब्दांच्या मध्ये दोनदा श्वास घेतला तिनं. मी नर्स आहे. असा श्वास मी शेकड्यांनी ऐकला आहे. मला कळलं. खोटं कशाला लिहू, मला त्याच क्षणी कळलं होतं. मी भावाला म्हटलं, नांदेडला हलवा, आत्ताच्या आत्ता गाडी करा. तो म्हणाला, बघतो. तेवढ्यात आजीनं हाक मारली. मेणबत्त्यांची वेळ झाली होती. तिनं हात पुढं केला आणि मी फोन तिच्या हातात ठेवला.

शनिवारी दुपारी नातू जेवायला आला. आजीपुढं टोपी घालून बसला, दोन घास खाल्ले आणि मागच्या गच्चीत गेला. मी ताटं उचलायला गेले तर तो सिगारेट ओढत फोनवर बोलत होता. मला बघून त्यानं डोळा मारला. आत आजी प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरून वाचत होती. कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी ताटं घासली. का नाही उघडलं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता त्या प्रश्नाचीच चीड येते. मला चांगली बाई म्हणवून घ्यायचं होतं, एवढंच खरं कारण आहे.

संध्याकाळी तीन तारे दिसले. आजीनं लवंगांची डबी हुंगली, शब्बाथ संपला. मी टॉवेल सोडला. फोन सुरू झाला आणि थरथरत राहिला, थांबेचना. भावाचा निरोप होता, याडी गेली. तो दुपारचा होता. त्यानंतर आणखी एक, माती झाली.

रविवारी आजीची लेक आली. तिनं मला मिठी मारली आणि तुटक्या मराठीत विचारलं, फोन बंद का ठेवला होतास? मी सांगितलं. ती बघतच राहिली. म्हणाली, "जिवाचा सवाल असेल तर शब्बाथ मोडायला आमचा धर्मच सांगतो. मोडला नाही तर पाप. आणि तू तर यहुदी पण नाहीस. आईचं काय ऐकतेस? आईचं ते वेड आहे." तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून ओरडले.

आजीनं मला सात दिवस जमिनीवर बसवलं. त्यांच्यात तसं सुतक पाळतात, आरशांवर चादरी टाकतात, शेजारीपाजारी उकडलेली अंडी आणि मसूर आणून देतात. कामाला हात लावायचा नाही म्हणाली. मग तिला अंघोळ कोण घालणार? मीच घालायची आणि परत येऊन खाली बसायची. तीही स्वतःला माझ्याशेजारी खाली उतरवायला लावायची आणि रडायची. चौथ्या दिवशी कळलं की ती स्वतःच्या आईसाठी रडत होती. तिची आई कोकणात थोरल्या भावाकडं राहिली होती, ही इकडं आल्यावर दोन पावसाळ्यांनी गेली, पत्र दीड महिन्यानं मिळालं. लोक म्हणतील, दोघी एकमेकींच्या जवळ आल्या असतील. मला त्या म्हातारीचा त्या दिवशी इतका राग आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. तिच्या भूमीचा राग आला, तिच्या देवाचा आला. त्या दाढीवाल्यानं साठ वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाची किंमत माझ्या आईनं काहून द्यावी?

तरी मी आणखी तीन वर्षं राहिले. गावी जाऊन आता कुणाचं तोंड बघायचं होतं? आजी गेली तेव्हा तिचे डोळे मीच मिटले. लेक दुसऱ्या गावाहून तासाभरानं पोचली.

परत आले ती भावाच्याच घरी. मनात एक गाठ घट्ट होती. वहिनीनं याडीचं नीट केलं नाही, वेळेवर हलवलं नाही, असं मी धरून बसले होते. फोनवरूनही तिला आडून आडून तेच विचारायची. ती कधी उत्तर द्यायची नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी अंगणात शिजवून वाळलेली हळद निवडत होतो. भाऊ बाजाराला गेला होता. मी म्हटलं, "एक दिवस आधी नांदेडला नेलं असतं तर याडी आज असती."

वहिनीचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "गाडी सांगितली होती. म्हातारीच उठंना. तुझ्याशी बोलल्याबिगर जात न्हाई म्हणे. शनिवारी पहाटेपासून एकच, फोन लाव, फोन लाव. तुझा भाऊ लावून लावून थकला. शनिवारी तुझा फोन बंद असतो म्हटलं तर पटंना, तिला वाटलं तू रुसलीस. मग मी माझा फोन घेऊन गोठ्यात गेले, तिथून तुझ्या भावाच्या फोनवर लावला अन् तू बोलतीस तसं बोलले. शिकलेल्या बाईवानी. तिला ऐकू कमीच येत होतं. मानलं तिनं."

मी विचारलं, "याडी काय बोलली?"

"काय बोलंल. माझ्यावरची गाऱ्हाणी सांगितली," वहिनी म्हणाली. "ही मला टायमावर पाणी देत न्हाई. अंग पुसती पण रागानं पुसती. हिच्या हाताला माया न्हाई. तू ये अन् मला तुझ्याकडं ने. गोठ्यात उभं राहून सगळं ऐकलं मी. मधी मधी व्हय याडी, व्हय याडी म्हणत होते."

"अन् शेवटी?"

"म्हटलं, निघाले मी. विमानात बसले. दोन दिवसांत येते." तिनं हळकुंडाची मुळी मोडून बाजूला टाकली. "मग घरात आले, तिला पाणी पाजलं, कपडे बदलले. तशी ती बोलली, नवं लुगडं नेसव, माझी पोरगी येऊन राहिली. नेसवलं. दुपारी गेली."

वहिनी उठून सुपं आत ठेवायला गेली. तीन वर्षं त्या बाईनं माझ्या आईचं हगणंमुतणं काढलं, आणि त्याचं फळ म्हणून माझ्या जागी उभं राहून स्वतःवरची गाऱ्हाणी ऐकली, होकार दिला. नंतर तीन वर्षं फोनवर मीही तिला तेच विचारत होते, नीट करत होतीस ना तिचं? तिनं एकदाही सांगितलं नाही. याडी जे शेवटचं माझ्याशी बोलली ते वहिनीजवळ आहे, आणि त्यात माझ्यासाठी 'ये' एवढंच होतं. बाकी सगळं वहिनीला लागण्यासारखं.

आम्ही दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करतो. वहिनीपुढं हात जोडावेत असं रोज मनात येतं. आजवर जोडलेले नाहीत.