चौसाळ्याच्या नावाचा पेन

माझे वडील मेंढरं राखायचे. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, तरी सदऱ्याच्या खिशाला कायम शाईचा पेन असायचा. पाटोद्याच्या बाजारात पोत्यावर जुन्या बॅटऱ्या, कुलपं, चष्मे मांडून बसणाऱ्या एकाकडून त्यांनी तो घेतला होता. काळा, जाडसर, सोनेरी टोपणाचा. आबा त्यात स्वतः शाई भरायचे. बँकेत, तहसिलीत कुणी पेनासाठी खिसे चाचपायला लागलं की ते पुढं व्हायचे, त्याचं लिहून होईपर्यंत शेजारी उभे राहायचे आणि पेन पुसून परत खिशाला लावायचे. सबंध तालुक्याचे अर्ज आपल्याच पेनानं लिहिले जातात असं त्यांना वाटत असावं.

पेनाच्या अंगावर बारीक कोरीवकाम होतं. शाईच्या मळानं ते भरून गेलेलं, त्यामुळे सहसा कुणाच्या लक्षात यायचं नाही. आबा त्याला वेलबुट्टी समजायचे. मीही समजायचे. सातवीत आम्हाला वळणदार इंग्रजी अक्षरं शिकवली आणि एका दुपारी पेन पुसता पुसता ती वेलबुट्टी मला वाचता आली. ते एका माणसाचं पूर्ण नाव होतं, आणि खाली गाव, चौसाळा. मी धावत जाऊन आबांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते खूश होतील.

आबांनी पेन हातात घेऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी हा कुणाचा तरी हाय?"

त्या दिवसापासून पेन खिशातून गेला. आईनं तो फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. शिवारातून काही गेलं की पहिली चौकशी मेंढक्याच्या पालावर व्हायची, हे आबांनी लहानपणापासून बघितलेलं. चोरीचाच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. आपण तो वर्षानुवर्षं चारचौघांत मिरवला, कितीजणांनी ते नाव वाचलं असेल, याचा त्यांना घोर लागला. चौसाळ्याच्या बाजूला मेंढरं न्यायचीच त्यांनी बंद केली.

मी पुढं शिक्षिका झाले, माझं लग्न झालं, आबांनी मेंढरं माझ्या भावाच्या हवाली केली. पेनाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. गेल्या वर्षी माझी बदली झाली ती नेमकी चौसाळ्याला. रस्त्यावरचं गाव, जायला-यायला सोपं, म्हणून मी आनंदानं माहेरी सांगायला गेले. आबा जेवता जेवता थांबले आणि ताट सरकवून उठले. सकाळी माझ्यापुढं ते फडकं ठेवलं.

"तू आता तिथं रोज जाणार. कुणाची लेक म्हणून इचारलं तर काय सांगशील? चल, ज्याचा हाय त्याला देऊन टाकू."

मी एकटीच देऊन येते म्हटलं, ते ऐकेनात. बोलणी खायची तर आपणच खायची, असं त्यांचं म्हणणं.

शाळेतल्या शिपायाला मी पेनावरचं नाव सांगून विचारलं. त्या आडनावाचं गावात कुणी नाही, असं तो म्हणाला. पण नाव आणि वडलांचं नाव जुळतंय असे एक म्हातारे आहेत, पूर्वी पुढारी होते, शेतीभाती मोठी आहे. रविवारी आबा आणि मी त्यांच्याकडं गेलो.

म्हातारे ओसरीत बाजेवर बसले होते. मला खुर्ची दिली. आबांनाही दिली, पण ते पायरीवरच टेकले. आणि त्यांनीच सगळं सांगितलं. बाजारात घेतला, वाचता येत नव्हतं, पोरीनं वाचलं तेव्हा कळलं. सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती.

म्हाताऱ्यांनी चष्मा मागवला. पेन उजेडात धरून फिरवला, अंगठ्यानं अक्षरं चाचपली. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आबांची मान आणखी खाली गेली.

"कावून हासताय, मालक?"

"पाव्हणं, हे माझं आडनावच न्हाई. कोरणाऱ्यानं एक अक्षर चुकवलं. बापच बदलला माझा त्यानं."

ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मेव्हण्यानं शहरातून नाव कोरून हा पेन आणला होता. घरात सगळे हसले, यांना राग आला, मेव्हण्याला दुसरा करून आणावा लागला. हा कपाटात पडून राहिला. पुढं कधीतरी बंद पडलेल्या बॅटऱ्यांसोबत त्यांनीच तो भंगारवाल्याच्या टोपलीत टाकला.

"मी दिलता. माझ्या हातानं. चोरीबिरी काय न्हाई."

आबांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग आबांनी पटका काढला आणि त्याच्या सोग्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मी दुसरीकडं बघितलं. सुनेनं चहा आणला तेव्हा ते उठून खुर्चीवर बसले.

म्हाताऱ्यांनी पेन परत त्यांच्या हातात दिला. बीडला कोरून देणारा एकजण आहे, हे खोडून तुमचं नाव घालून घ्या, असंही सुचवलं. आबांनी विचार केला.

"हे नाव कुणाचंच न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंच न्हाई."

"मग राहू द्या. बरं दिसतंय."

परतताना मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. आबांना लई भूक लागली होती. ढाब्यावर त्यांनी शेवभाजी आणि भाकरी मागवली, दोनदा कांदा मागून घेतला. समोरच्या बाकावर एक ट्रकवाला जेवत होता. ओळख ना पाळख, पण आबांनी त्याला पोत्यावरच्या दुकानापासून सगळी हकीकत सांगितली. अक्षर चुकल्याच्या जागी तर ते सांगताना स्वतःच हसू लागले. ट्रकवाल्यानं हातातला घास तसाच धरून विचारलं, कुठलं अक्षर चुकलं?

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "ते हिला इचारा," म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागितली.