महाराजांच्या पायावरचे डाग

ती सकाळ विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. शिवजयंती दोन दिवसांवर आली होती आणि आमच्या हद्दीतल्या चौकात महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या उजव्या पायावर पिवळे डाग उमटले होते. ‘ॲसिड टाकलं,’ अशी अफवा उठली. तासाभरात ठाण्यासमोर दोनशे माणसे जमली.

चौथऱ्याभोवतीचा कठडा रंगवणारा परगावचा एक रंगारी पहाटे तिथे होता. त्याचीच शिडी पुतळ्याला टेकलेली सापडली. मी त्याला ताब्यात घेतले. बाहेर ठेवला असता तर लोकांनी जिवंत सोडला नसता. तीन तास चौकशी केली. ‘कुणी सांगितलं? बरोबर कोण होतं?’ गडी तोंडच उघडेना. माझी तर खात्रीच पटत चालली.

शिवजयंती मंडळाचे अध्यक्ष आत आले. ‘साहेब, जमत नसेल तर आमच्या ताब्यात द्या.’

‘माझी खुर्चीही न्या मग,’ मी म्हणालो आणि स्वतः पंचनाम्याला गेलो.

रिकिबीच्या खाचेत चिकट चोथा अडकला होता. एका पंचाने तो हुंगला. ‘अहो, ही तर चिंच!’

ॲसिड टाकणारा चिंच कशाला आणेल? चिंचेने घासतात ती भांडी आणि देव. जवळच्या तांबटांच्या वस्तीत चौकशी केली. तिसऱ्याच दारात सत्तरीचे एक कारागीर म्हणाले, ‘मीच घासले. महाराजांचे पाय काळे पडलेले, जयंतीला तसेच ठेवायचे का?’

ब्राँझला तो काळपट रंग मुद्दाम देतात, हे जन्मभर पितळ उजळणाऱ्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हते.

‘शिडीवर चढलात कसे?’

‘एका रंगाऱ्याने धरली. फार भला माणूस.’

तो कोठडीत आहे म्हटल्यावर त्यांनी टोपी घातली आणि माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसले. ठाण्यासमोर उतरून त्यांनी जमावाला सगळे सांगितले.

‘काका, निदान आधी विचारायचं तरी!’ अध्यक्ष म्हणाले.

‘तुम्ही त्या रंगाऱ्याला विचारलंत?’

गर्दी पांगली. मी कोठडी उघडली. ‘बोलला का नाहीस?’

‘मला मारलं असतं तरी मी उठलो असतो, साहेब. आजोबा उठले नसते.’

मला स्वतःची लाज वाटली. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, हे मी बरोबर ओळखले होते. कुणाला लपवतोय, हा विचार वीस वर्षांच्या नोकरीत मला कधी शिवला नव्हता. सकाळभर बाहेर दोनशे जण महाराजांचा जयजयकार करत होते. महाराजांसारखा वागणारा माणूस मी आत कोंडला होता.